कोतवाल आजाची बासष्ट पावलं

कोतवाल आजाचं पाऊल अडीच फुटांचं होतं. कमी नाही, जास्त नाही. तालुक्याहून आलेल्या एका मोजणीदाराने एकदा गंमत म्हणून त्याच्या शंभर पावलांमागे साखळी लावून पाहिली. वीतभर फरक आला. मोजणीदार हसला, तसा आजा शांतपणे म्हणाला, "साखळी उनात लांबते साहेब. माहा पाय नाही लांबत." वरातीत तो त्याच पावलाने चालायचा, मयतीतही त्याच. आजी बिचारी मागे धावत असायची आणि वाटेत भेटेल त्या बाईला सांगायची, "नवऱ्यासंगं चालून राहिली का पटवाऱ्यासंगं, काही समजत नाही वं मले."

आमचं गाव सावंगडोह. नरखेड तालुक्यातलं, शेदीडशे घरांचं. कोतवाल म्हणजे कोण हे ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. शहरात वाढलेल्यांसाठी सांगतो. दवंडी त्याने द्यायची, पटवाऱ्याचं, म्हणजे तलाठ्याचं, दप्तर त्याने डोक्यावर वाहायचं, साहेब आला की खाट त्याने टाकायची, आणि साहेब जेवत असताना उन्हात उभंही त्यानेच राहायचं. आजाने (माझा सख्खा नाही, आम्हा साऱ्या पोरांचाच आजा) हे बत्तीस वर्षं केलं. निवृत्त झाला त्या दिवशी तहसीलीत त्याच्या गळ्यात झेंडूचा एक हार पडला, तोही आधी दुसऱ्या कुणाच्या गळ्यात पडून आलेला. तरी पुढे गावात कुठेही मोजणी निघाली की निरोप यायचा तो त्यालाच. कारण सरकारजवळ नकाशा होता, पण नकाशातलं गाव जमिनीवर नेमकं कुठे आहे हे फक्त आजाला ठाऊक होतं.

त्याच्या लेखी आमचं गाव म्हणजे एक बसलेली म्हैस होती. कोणी नवा माणूस आला, शाळेवर नवा गुरुजी आला, की आजा काडीने मातीत म्हैस काढायचा. "हे डोकं, पश्चिमेकडे. इथं मालगुजाराचा वाडा, गोड्या पान्याची हीर. हे पोट. इथं कुनबी, तेली, खाणारेपिणारे लोकं. अन् हे शेपूट. इथं आपन." मग गुरुजीकडे मान तिरपी करून पाहायचा. "शेन कुठं पडते ते तुमाले सांगाव लागते काय?" गुरुजी खाली पाहायचे. आजा मात्र मनापासून हसायचा. मला त्या हसण्याचा राग यायचा. वारा पश्चिमेकडून येतो, नाला पश्चिमेकडून येतो, म्हणजे साऱ्या गावाने वापरून सोडलेलं पाणी आणि वारा आमच्या वाट्याला, हे यात हसण्यासारखं काय आहे? मी त्याला तसं विचारलंही. तो म्हणाला, "रडून म्हैस उठते काय गा?"

गावच्या शिवारातल्या प्रत्येक तुकड्याला नाव होतं आणि प्रत्येक नावामागे एक भांडण होतं. सासूचं वावर, रडकी खारी, नवरीची पांदण. सरकारी कागदात फक्त नंबर. आजाला नंबर पाठ होते, पण नंबर तो साहेबांशी बोलायचा आणि नावं माणसांशी. एक नाव त्याने स्वतः बदललं. आमच्या वस्तीच्या खाली ढोरफाडी होती. गावातलं मेलेलं जनावर आमच्या लोकांनी ओढत न्यायचं आणि तिथे फाडायचं. छप्पन साली वस्तीने नागपूरला जाऊन दीक्षा घेतली आणि ते काम सोडलं. पुढच्या पाहणीला पटवाऱ्याने सवयीने "ढोरफाडीच्या वरचा तुकडा" असं म्हटलं. आजाच्या डोक्यावर दप्तर होतं. तो जागच्या जागी थांबला. "ते बोरखडी होय मालक. तिथं बोरं होतात." पटवारी म्हणाला, "कधीपासून?" आजा म्हणाला, "आम्ही सोडलं तवापासून." आणि त्या दिवशी पटवाऱ्याने बोरखडी म्हणेपर्यंत दप्तर पुढे सरकलं नाही. मी आजवर पन्नास पत्रकं लिहिली असतील. त्यातल्या एकानेही गावाच्या तोंडातला एक शब्द बदललेला नाही.

दिवाळी झाली की तो डोकीवर चुन्याची बादली घेऊन शिवेवर जायचा आणि गावाच्या हद्दीचे दगड एकेक करून पांढरे करायचा. निवृत्तीनंतर चुना स्वतःच्या पदरचा. का, असं विचारलं तर म्हणायचा, "दगडाले पेन्शन कोन देते?" पण दक्षिणेच्या शिवेवरचा, पारडगावाच्या बाजूचा एक दगड तो तसाच सोडायचा. काळा, शेवाळलेला. मी एकदा विचारलं. "त्याले चुना चढत नाही," तो म्हणाला आणि बादली उचलून चालू लागला.

त्याच दगडाच्या आतल्या अंगाला आमची मसणवट होती. वस्तीची माणसं तिथे पुरलेली. मालगुजारी, म्हणजे ती जुनी जमीनदारी, गेली, पण मालगुजाराचा नातू भैयाजी गेला नव्हता. त्याने वडिलोपार्जित जमिनीत संत्र्याचा बगीचा लावला होता, विहिरीवर पंप बसवला होता, आणि भाव चांगला आला तसा बगीचा दरवर्षी थोडा थोडा शेपटाकडे सरकत होता. एका उन्हाळ्यात त्याने काटेरी तारेचं कुंपण मसणवटीच्या मधून ओढलं. माझ्या चुलतीची माती तारेच्या पलीकडे गेली. ती वारून वर्षही झालं नव्हतं.

मी तेव्हा नागपुरात शिकत होतो. शिकत कमी होतो, पत्रकं जास्त काढत होतो. बातमी कळताच पहिली एसटी धरून गावी आलो, वस्ती गोळा केली, अर्ज लिहिला, तालुक्याला मोर्चा नेला. चारदा परत पाठवल्यावर तहसीलदारांनी मोजणीचा हुकूम दिला. आमच्या वकिलाने कागद पाहिले आणि म्हणाला, काम सोपं आहे. मसणवट नकाशात आहे, गावाच्या हक्कांच्या नोंदीत आहे. शिवेच्या दगडापासून मोजायचं, बस. तुमचा तो जुना कोतवाल फक्त एवढं म्हणाला की दगड मूळचा आहे, की तार त्याच दिवशी निघाली.

मी ते आजाला जाऊन सांगितलं. तो ओट्यावर बसून तंबाखूला चुना लावून मळत होता. त्याने चिमूट गालात धरली. मग म्हणाला, "तू मले बोलवू नको गा. दुसरा कोनी पाह."

"दुसरं कोण आहे आजा?"

"म्हूनच म्हनतो, नको बोलवू."

मला वाटलं, घाबरला. बत्तीस वर्षं मालक मालक म्हणून वाकलेला कणा. मी त्याला एक भाषण दिलं. स्वाभिमान, इतिहास, पुढची पिढी, सगळं आलं त्यात. त्याने ते पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाला, "येतो. पन मंग इचारलं ते सांगीन."

मोजणीच्या दिवशी सारी वस्ती दगडाजवळ जमली. भैयाजी बुलेटवर आला आणि गाडीवरून उतरलाही नाही. पारडगावचे दोघेचौघे उत्सुकतेने आले होते. त्यात किसन होता, जातीने गोवारी, भैयाजीच्याच बगीच्यात मजुरी करणारा. मोजणीदाराने नकाशा पसरला, आजाला जवळ बोलावलं.

"कोतवाल, हा दगड मूळचाच ना?"

आजाने दगडाला हात लावला. त्याला त्या दगडाला हात लावताना मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"दगड तोच हाय साहेब," तो म्हणाला. "जागा ते नाही."

मोजणीदाराने नकाशावरून मान वर केली. मग आजानेच सांगितलं, साक्ष देतात तसं सरळ, वर न पाहता. तो नवा नवा कोतवाल असताना मालगुजाराने त्याला बोलावलं. बैलांच्या दोन जोड्या दिल्या. दगड उपटून पारडगावच्या हद्दीत नेऊन रोवायला लावला. चोरून नाही, दिवसाढवळ्या. जो तुकडा आत आला तो किसनच्या आजाचं वावर. तो गोवारी तहसीलीत खेटे घालून घालून मेला. आणि मालगुजाराने वस्तीला सांगितलं, आता तुमचं मसण दगडाजवळ न्या. जुन्या मसणवटीवर त्याने ज्वारी पेरली. आता तिथे संत्री आहेत.

"कोणी नेला दगड?" मोजणीदाराने विचारलं.

"म्या."

"किती सरकवला?"

आजा दगडाला पाठ लावून उभा राहिला आणि गावाच्या दिशेने पावलं मोजत चालू लागला. तारेपाशी आला, वाकून खालून गेला, बगीच्यात शिरला. आम्ही सगळे तारेला धरून पाहत होतो. संत्र्याच्या दोन ओळींमध्ये तो थांबला. "इथं," तो ओरडला. मोजणीदाराच्या माणसांनी तिथे खणलं. हातभर खाली जुन्या खुंटीचे दगड आणि शिवेची खूण म्हणून मोजणीवाले पुरून ठेवतात तो कोळसा निघाला, नकाशात लिहिला होता तसाच.

आता ऐका न्याय. नकाशातली आमची मसणवट बगीच्यात निघाली. आम्ही जिथे माणसं पुरली होती ते किसनचं वावर निघालं. किसनचा कब्जा लगेच झाला, कारण त्याच्या बाजूने आमच्याच वस्तीचा साक्षीदार होता. बगीच्यातल्या आमच्या जागेवर उभी झाडं होती, विहीर होती, भैयाजी होता. त्याने कोर्टातून स्थगिती आणली. म्हणजे कागदावर आम्हाला हक्क मिळाला आणि जमिनीवर होतं तेही गेलं. किसन भला माणूस, पहिल्या वर्षी त्याने नांगर घातला नाही. दुसऱ्या वर्षी मातीचे उंचवटे सोडून बाकीत तूर पेरली. त्याला काय म्हणणार? पण आमची माणसं मरायची थांबली नाहीत. बैलगाडीत घालून तालुक्याच्या मसणवटीत न्यावं लागे. पावसाळ्यात बाळंतपणात वारलेल्या एकीला नेताना गाडी पांदणीत फसली आणि तिचा नवरा चिखलात बसून ओरडला, "कोतवालाले बोलवा रे! त्याले पावलं मोजू द्या आता!"

मी पहिल्या दिवसापासून त्याच रागात होतो. मोजणीनंतर आठ दिवसांत मी पत्रक छापून आणलं. मथळा होता 'मालगुजारशाहीचा शेवटचा चाकर'. नाव घालून लिहिलं. लिहिलं की ज्या हाताने गरिबाचा दगड साठ पावलं सरकवला त्याच हाताने आज वस्तीचा घात केला. शब्द बरे जमले होते. नागपूरच्या दोस्तांनी वाहवा केली.

दोन दिवसांनी आजा माझ्या दारात आला. हातात पत्रक होतं, चार घड्या केलेलं.

"काय पत्रकवाले, हायेत काय घरी?"

मी बाहेर आलो.

"वाच गा. मले वाचता येत नाही. लोकं वाचतात अन् माह्या तोंडाकडं पाहातात. काय लिहिलं ते पुरं कोनी सांगत नाही."

मी म्हणालो, नंतर. तो ओटीवर बसला. "मले टाइम हाय."

मी वाचलं. सगळं. माझं स्वतःचं लिहिणं मला कधी एवढं लांब वाटलं नव्हतं. तो मान खाली घालून ऐकत होता. 'चाकर' शब्दाला त्याने होकारार्थी मान हलवली, 'घात'ला नाही. वाचून झाल्यावर मी वाट पाहत राहिलो की तो शिवी देईल. त्याने कागद परत घेतला, घड्या घातल्या, खिशात ठेवला.

"साठ नाही," तो म्हणाला. "बासष्ट. तेवढं दुरुस्त कर."

मग उठता उठता म्हणाला, "माहा बाप त्या संत्र्याखाली हाय. मले का हौस होती गा? पन किसनचा आजा रोज कचेरीत यायचा अन् मी दाराशी उभा राहायचो. तो मले इचारे, कोतवाल, तू तरी सांग. अन् मी म्हनो, दगड तोच हाय."

मी दुरुस्ती केली नाही. प्रती संपेपर्यंत पत्रक वाटत राहिलो.

पुढची चार वर्षं त्याने कशी काढली ते मला लिहावंसं वाटत नाही, पण लिहिलं पाहिजे, कारण हे दुसऱ्या कोणी केलं असतं तर मी त्यावर मोर्चा काढला असता. वस्तीने त्याला टाकलं. कोणी ठराव केला नाही. नुसतं लग्नाचं बोलावणं जायचं थांबलं, आजी हातपंपावर आली की बाया घागरी उचलून निघू लागल्या, आणि चहाच्या वेळी त्याच्या ओट्यावर कोणी बसेना. ज्यांच्या हातचं पाणी हजार वर्षं कोणी प्यायलं नाही त्या आम्ही लोकांनी एका म्हाताऱ्याच्या हातचा चहा सोडला. विहारात तो मागच्या भिंतीशी बसायचा. वंदना झाली की सगळ्यांच्या आधी निघून जायचा, त्याच मोजून टाकलेल्या पावलांनी.

मी सुटीत यायचो तेव्हा दुरून दिसायचा. एकदा पांदणीत समोरासमोर आलो. बाजूला होऊन त्याने मला वाट दिली, साहेबांना द्यायचा तशी. मी काहीतरी बोलणार होतो. काय ते अजून ठरलेलं नाही.

तो फाल्गुनात वारला. निरोप आला आणि मी रात्रीच्या गाडीची वाट न पाहता दुपारीच निघालो. पोचलो तेव्हा त्याच्या अंगणात सारी वस्ती होती. चार वर्षं ज्या ओट्यावर कोणी बसलं नाही तिथे जागा नव्हती. बायका रडत होत्या, आणि खोटं रडत नव्हत्या. तेच तर वाईट.

तिरडी बांधता बांधता प्रश्न उभा राहिला, न्यायचं कुठे. गाडी जुंपा, तालुक्याला चला, असं कोणी म्हणत होतं, तेवढ्यात किसन आला. पागोटं काढून अंगणाच्या कडेला उभा राहिला. "आना तिकडं," तो म्हणाला. "माह्या वावरात. माही ना नाही."

सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. पण उंबऱ्यातून आजी बोलली. "नाही बापा. तो मले सांगून गेला. म्हने, मेल्या मानसाले कोनी नाही म्हनत नाही, म्हून मागू नाही. त्या वावरात नाही नेऊन राहिलो आपन."

किसन मान खाली घालून उभाच राहिला.

तेव्हा मी पुढे झालो. मी म्हणालो, मग बगीच्यात नेऊ. नकाशात ती आपली जागा आहे. त्याचा बाप तिथे आहे. त्यानेच दाखवली आहे ती जागा, सरकारच्या कागदावर त्याचा अंगठा आहे. तार कापू आणि तिथेच पुरू. पाहू भैयाजी काय करतो ते. पोरं लगेच उठली. एकाने घरातून पक्कड आणली. मी सांगतो, चार वर्षांत वस्तीत असा जोर आला नव्हता. घोषणा माझ्या ओठांवर होती.

आजी उंबऱ्यातून उठून आली. माझ्यासमोर उभी राहिली. रडत नव्हती.

"तो मेला हाय गा," ती म्हणाली. "त्याचा मोर्चा नको करू."

पक्कड माझ्या हातात होती. ती मी कोणाकडे दिली ते आठवत नाही.

शेवटी आम्ही त्याला नाल्यात नेलं. शेपटाजवळून नाला पारडगावात उतरतो. फाल्गुनात तो कोरडाच असतो, नुसती रेती. नाल्याचं पात्र कोणाच्या सातबाऱ्यात नाही, भैयाजीच्या नाही, किसनच्या नाही, आमच्याही नाही. पुरायचं तर पावसाळ्यात उघडा पडेल, म्हणून दहन करायचं ठरलं. किसनने बांधावरची वाळलेली बाभूळ तोडून आणली. त्रिशरण म्हटलं गेलं. मी खांदा दिला, पण घरापासून नाही. नाल्याच्या उतारावर एकजण थकला म्हणून मला जागा मिळाली.

केस अजून चालू आहे. नवीन अर्ज मी लिहिला आहे आणि त्यात बासष्ट पावलं असं लिहिलं आहे. पत्रकात साठच राहिलं. ती पत्रकं अजून कोणाकोणाच्या घरी असतील. सापडलं तर फाडू नका, माझ्याकडे आणून द्या.

आषाढात नाला भरून आला. मी, किसन आणि आजी काठावर उभे होतो. जिथे त्याला जाळलं तिथली काळी रेती आधी भिजली, मग उचलली गेली आणि गढूळ पाण्यात मिसळून खाली निघाली. आजीने विचारलं, "कुठवर गेला असन गा तो आता? आपल्याच शिवारात हाय का पारडगावात गेला?" मी किसनकडे पाहिलं, किसनने माझ्याकडे. आम्हा दोघांनाही सांगता आलं नाही.